गाडीखान्याची झाडाझडती

नागपूर-इटारसी लोहमार्गावर, काटोलच्या अलीकडे, कळमेश्वर हें तालुक्याचें गांव आहे. येथील अथवा धापेवाडा, मोहपा, गोंडखैरी ह्या आसपासच्या गांवांतील जुन्या वळणाचें शेतकऱ्याचें घर पाहिलें तर बैलांच्या कोठ्यास लागून एक जागा बहुधा अशी आढळते कीं, जिचें दार रुंद, खिडकी लहान किंवा मुळींच नाहीं, आणि भिंतींत खुंट्या मात्र पुष्कळ. बंडी उभी करावयाची ती ह्या जागेंत. शेतीचीं अवजारें, दोरखंड, जूं, शिवळा, बारदान हेंहि सर्व येथेंच. ह्या लेखापुरतें तिला आपण गाडीखाना म्हणूं. शहरांतील बंगल्यांस जो मोटारखाना असतो त्याचा हा वडील भाऊ होय. इंग्रजींतील 'गॅरेज' हा शब्द मुळांत फ्रेंच असून आडोशास लावून ठेवणें अशा अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. म्हणजे वाहन आडोशास लावावें एवढाच त्या जागेचा मूळ हेतु. तो हेतु हल्लीं किती घरांत सफल होतो हें वाचकांनीं आपापल्या घरीं जाऊन पाहावें.

पूर्वीं गाडीखाना आवरण्याकरितां निराळा दिवस काढावा लागत नसे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेण्यासारखी आहे. उन्हाळ्यांत नांगर व वखर बाहेर निघत. मृगाच्या आधीं तिफण सुताराकडे जाऊन येई. पेरणीनंतर पीक वर आलें म्हणजे डवऱ्याची पाळी. पोळ्यास बैलांच्या झुली व घुंगुरमाळा निघत, आणि कापूस वेंचणीस आला म्हणजे बंडीच्या आंसास वंगण पडे. अशा रीतीनें प्रत्येक वस्तु वर्षांतून एकदां तरी उजेड पाही; आणि ती बाहेर गेली म्हणजे तिच्या जागेची धूळ, तेथील विंचू, तेथें लागलेली उधई हें सर्व आपोआप दृष्टीस पडे. गाडीखाना स्वच्छ राही तो कोणाच्या टापटिपीमुळें नव्हे, तर ऋतुचक्रामुळें.

आतां तें चक्र मोडलें आहे. नांगरणीस भाड्याचा ट्रॅक्टर येतो. बंडी विकली गेली. तिचें एक चाक मात्र भिंतीस टेकून उभें आहे. त्या चाकाच्या आड फवारणीचा गळका पंप, विहिरीवरील मोटारीचे जळालेले भाग, नळ्यांचे तुकडे, संत्र्यांच्या फुटक्या पेट्या, अर्धवट रंगाचे डबे, मोटारीचीं झिजलेलीं टायरें, धाकट्या मुलाची तीनचाकी, आणि दूरदर्शन संचाचें रिकामें खोकें. मोटार व फटफटी ह्या बाहेर उन्हांत तापत आहेत. आणि नागपूरकडचें ऊन म्हणजे वैशाखांत पारा ४५ अंशांवर नेणारें! जुना क्रम पाळणारी एकच वस्तु ह्या खोलींत उरली आहे. ती म्हणजे कूलर. तो फाल्गुनांत निघतो आणि पाऊस पडल्यावर परत जातो. म्हणूनच कूलरपर्यंत पोंचण्याची वाट तेवढी मोकळी असते, आणि तिच्या दोहों बाजूंस डोंगर.

ह्यावरून अडगळ कशास म्हणावें हें ठरवितां येतें. वस्तु जुनी झाली म्हणून ती अडगळ होत नाहीं. मोडली म्हणूनहि होत नाहीं. जिची पाळी येणें बंद झालें, आणि पाळी बंद झाल्यामुळें जिचें नांव व गुण घरांतील माणसें विसरलीं, ती अडगळ. हा विसरच खरा अपाय करतो. तो कसा, तें पुढें सांगावयाचें आहे.

सांठविण्याची संवय शेवटास गेली म्हणजे काय होतें ह्याचें एक उदाहरण न्यूयॉर्क शहरांत घडलें. तेथें होमर व लँग्ली कॉलियर नांवाचे दोन भाऊ एका मोठ्या घरांत राहत असत. थोरला आंधळा झाला. त्यास पुढेंमागें दृष्टि आली तर वाचावयास असावीं म्हणून धाकट्यानें वर्षानुवर्षें वर्तमानपत्रें सांठविलीं. त्यांजबरोबर पियानो, पेट्या, पुस्तकें, मोडकें सामान, इतकेंच नव्हे तर फोर्ड मोटारीचा सांगाडासुद्धां घरांत भरला. ढिगांतून जाण्यायेण्यास भुयारें केलेलीं होतीं, आणि चोरांच्या भयानें त्यांत सांपळे लाविलेले होते. १९४७ च्या मार्च महिन्यांत थोरला मृत आढळला. धाकट्याचा शोध सर्वत्र चालला होता. ८ एप्रिल रोजीं त्याचें प्रेत भावापासून अवघ्या दहा फुटांवर, स्वतःच्याच सांपळ्यानें कोसळलेल्या ढिगाखालीं सांपडलें. त्या घरांतून शंभर टनांहून अधिक माल काढावा लागला. आपल्याकडे इतकी मजल सहसा जात नाहीं. पण हा मासला लोभाचा नाहीं, हें लक्षांत ठेवावें. त्या सांठ्याच्या मुळाशीं भावाविषयींची माया होती. आपल्या घरांतील पुष्कळशी अडगळहि अशाच मायेनें सांठलेली असते, आणि म्हणून ती हलविणें अवघड जातें.

उलट पक्षीं, एका दिवसांत सर्व कांहीं कबाड्यास देऊन मोकळें होणारेहि गृहस्थ आहेत. त्यांची खोली लवकर साफ होते खरी. परंतु ज्यास आपण काय दिलें हेंच ठाऊक नाहीं त्यानें खोली आवरली असें मी म्हणणार नाहीं.

आतां विसराचा अपाय पाहूं. ज्या गाडीखान्यास कपाशीच्या व संत्र्याच्या शेतीचा शेजार आहे, तेथें कीटकनाशकांच्या बाटल्या असावयाच्याच. एखाद्या बाटलीवरील कागद उधईनें खाल्लेला असतो. एखादें औषध उरलें म्हणून सरबताच्या बाटलींत ओतून ठेविलेलें असतें. ओतणाऱ्यास तें ठाऊक असतें. त्याच्या नातवास नसतें. १६ जुलै १९१३ नव्हे, अगदीं अलीकडे, १६ जुलै २०१३ रोजीं बिहारांतील सारण जिल्ह्यांत गंडामन ह्या खेड्याच्या प्राथमिक शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मरण पावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक आढळलें. पूर्वीं कीटकनाशक असलेल्या डब्यांत तें तेल ठेविलें गेलें असावें असें अधिकाऱ्यांनीं त्या वेळीं सांगितलें. एका डब्याची ओळख हरवली तर काय होऊं शकतें ह्याचें ह्याहून दुःखद उदाहरण माझ्या ऐकिवांत नाहीं. आपल्या विदर्भांतहि २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. तेव्हां गाडीखान्यांत पाऊल टाकल्यावर पहिलें काम धूळ झाडण्याचें नव्हे. प्रथम बाटल्या व डबे पाहावे. ज्यावर नांव नाहीं तो डबा उघडून हुंगूं नये, कोणास देऊं नये, ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. तो निराळा ठेवून कृषि अधिकाऱ्यास विचारावें. ज्यावर नांव आहे तो कुलपाच्या कपाटांत, मुलांच्या हातापलीकडे, आपल्या मूळच्या डब्यांतच ठेवावा. फवारणीच्या वेळीं रिकामा झालेला डबा तीन वेळां विसळून, तें पाणी पंपांतच घालून, डब्यास भोंक पाडावें, म्हणजे तो पुन्हां कोणाच्या घरांत तेलामिठास लागणार नाहीं. ही लहानशी कृति आहे. परंतु ह्या लेखांतील एकच गोष्ट कोणी करणार असेल तर त्यानें ही करावी अशी माझी विनंति आहे.

दुसरी वस्तु टायर. तें निरुपद्रवी दिसतें, आणि झोपाळ्यास लागेल, कुंडीस लागेल, असें म्हणून राहतें. त्याच्या पोटांत पावसाचें पाणी सांचलें म्हणजे कितीहि उपडें केलें तरी थोडें आंत उरतेंच. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस जातीचा डांस अशा पाण्याच्या कांठीं अंडीं घालतो. तीं अंडीं कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पुढील पाण्यानें फुटतात. ह्या जातींतील एक पट्टेरी डांस जुन्या टायरांच्या व्यापारांतून आशियाखंडांतून अमेरिकेंत जाऊन पोंचला. १९८५ सालीं टेक्सास प्रांतांतील ह्यूस्टन शहरीं त्याची वस्ती आढळली. जो डांस स्वतः थोड्याशा अंतरापलीकडे उडत नाहीं त्यानें टायरांत बसून महासागर ओलांडला! कूलरच्या टांकीसही हाच न्याय लागू आहे. तो आंत ठेवण्यापूर्वीं पाणी काढून टाकणें पुरत नाहीं. टांकीच्या कडा खरखरीत घांसणीनें घांसल्या पाहिजेत, कारण अंडीं तेथें चिकटलेलीं असतात.

तिसरी वस्तु चिंध्या. जवसाचें तेल आपल्या भागास नवें नाहीं. लांकडास रंग किंवा रोगण देतांना तें वापरतात, आणि बोळे कोपऱ्यांत टाकतात. हें तेल वाळतें तें पाण्यासारखें उडून जाऊन नव्हे, तर हवेंतील प्राणवायु शोषून. आणि त्या क्रियेंत उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यांतून ती निघून जाते, पण चुरगाळलेल्या बोळ्यांच्या ढिगांत कोंडते, वाढत जाते, आणि कोणीं काडी न लावतां तो ढीग पेटूं शकतो. विज्ञानाच्या वर्गांत मंद ज्वलन शिकतांना विद्यार्थ्यांनीं ह्याची आठवण ठेवावी. असे बोळे बाहेर एकेक पसरून वाळवावे किंवा पाण्यांत बुडवून ठेवावे. पेट्रोलचा डबा तर बंद खोलींत ठेवूंच नये. त्याची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीवरून सरपटत दिव्यापर्यंत किंवा बटणापर्यंत जाते. मोटारीची जुनी बॅटरी शिसें व तीव्र अम्ल ह्यांनीं भरलेली असते. ती विक्रेत्यानें परत घ्यावी असा नियम २००१ सालीं झाला होता; ती फोडून शिसें काढण्याचा उद्योग कोणीं करूं नये.

साप व विंचू यांविषयीं फार लिहीत नाहीं, कारण आपल्याकडील मुलांस तें सांगावयास नको. ढिगांत हात घालण्यापूर्वीं काठीनें हालवावें, पायांत जोडे असावे, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जातां दवाखान्यांत जावें. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचूदंशावर प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग रूढ केल्यापासून पूर्वीं जे रोगी हातचे जात ते पुष्कळ वांचूं लागले आहेत. परंतु त्यास वेळेवर पोंचणें अवश्य आहे.

विसराची दुसरी बाजूहि आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. ज्याप्रमाणें ओळख हरवल्यामुळें विष घरांत राहतें त्याचप्रमाणें ओळख हरवल्यामुळें धन घराबाहेर जातें. धन म्हणजे सोनें नव्हे. गाडीखान्याच्या माळ्यावर बहुधा एक पत्र्याची पेटी असते, तिच्यांत कागद असतात, आणि ते किलोच्या भावानें जातात. नागपूर जिल्ह्यांतील अशा एखाद्या पेटींतील कागद वरचेवर पाहिले तरी मोठी मौज दिसते. अगदीं खालचे कागद मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या वेळचे. त्यांवर मालगुजाराचा उल्लेख. मालगुजारी १९५१ सालीं संपली, तेव्हां त्यावरचे कागद मध्यप्रदेश राज्याचे, कारण त्या राज्याची राजधानी तेव्हां नागपूर होती. त्यावर १९५६ नंतरचे मुंबई राज्याचे, आणि १ मे १९६० नंतरचे महाराष्ट्राचे. शेत तेंच, विहीर तीच, बहुधा घराण्याचें नांवहि तेंच. शिक्के मात्र चार राजवटींचे! इतिहासाच्या तासाला ज्या सनावळ्या कंटाळवाण्या वाटतात त्या आपल्याच माळ्यावर थरांनीं रचलेल्या आहेत. शिवाय शेताच्या हद्दीचा किंवा वांटणीचा तंटा उपस्थित झाला तर त्याच पेटींतला एखादा फाटका कागद उपयोगीं पडतो, हें कोणताहि वकील सांगेल.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जें शोधलें तें काय होतें? अशाच माळ्यांवरचे, अशाच कोनाड्यांतले कागद. वाई येथें मिळालेल्या पत्रांवरून त्यांनीं पानिपतच्या काळासंबंधीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढें अशा खंडांची मालाच झाली. १९२६ सालीं ते वारले तोंपर्यंत त्यांचा हा शोध चालू होता. जे कागद त्यांच्या हातीं येण्यापूर्वीं बंबांत किंवा वाण्याच्या दुकानीं गेले त्यांत काय होतें हें आतां कोणासच कळणार नाहीं.

कागदांचें जें राजवाड्यांनीं केलें तें घरगुती वस्तूंचें पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनीं केलें. १८९६ सालीं जन्मलेले हे गृहस्थ 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता लिहीत. सुमारें १९२० पासून त्यांनीं दिवे, अडकित्ते, कुलपें, दौती, कोरीव दारें अशा वस्तु जमविण्यास आरंभ केला. लोकांच्या घरीं ज्यांची पाळी संपली होती त्या ह्या वस्तु. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणींच वारला. त्याच्या नांवानें राजा दिनकर केळकर संग्रहालय उभें आहे. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेषहि त्यांनीं आणून तेथें पुन्हां उभे केले. नागपुरासहि १८६३ सालीं स्थापन झालेलें मध्यवर्ती संग्रहालय आहे; त्यास लोक अजब बंगला म्हणतात. तेथें जाणाऱ्या कळमेश्वरच्या मुलास ज्या वस्तु कांचेआड पाहून नवल वाटतें त्यांच्या जातीची एखादी वस्तु त्याच्या घरीं टायरांखालीं असणें अशक्य नाहीं. उदाहरणार्थ, पायली व कुडव हीं मापें. १९५८ पासून दशमान वजनेंमापें टप्प्याटप्प्यानें आलीं, आणि १९६२ पर्यंत जुन्या मापांचा कायदेशीर व्यवहार संपला. आज तें लोखंडी माप खिळे ठेवण्यास वापरतात, आणि त्यांत किती ज्वारी मावत असे हें सांगणारी घरांत एक आजीच उरलेली असते.

म्हणून आवरण्याच्या दिवशीं आजीआजोबांस बाहेर खुर्ची टाकून बसवावें, अशी माझी सूचना आहे. सामान्यतः तरुण मंडळी त्यांस झोंपेच्या वेळीं चुकवून हा कारभार उरकतात. तें बरें नव्हे. म्हातारा म्हणतो, "राहू दे बाबू, लागते कधी." ह्यावर चिडूं नये. "कशाला लागते, आबाजी?" असें विचारावें आणि उत्तर लिहून घ्यावें. बहुतेक वेळां सांगून झाल्यावर तोच म्हणतो, "ने मग." वस्तूपेक्षां तिची हकीकत जाण्याचें त्याला भय असतें, आणि ती वहींत उतरली म्हणजे त्याची मूठ सैल होते. एखाद्या वस्तूविषयीं तो हट्टच धरील तर ती ठेवावी. एका चाकानें घर भरत नाहीं.

वेळ कोणती साधावी? दिवाळींत पुढच्या खोल्यांस रंग देण्यांतच माणूस थकतो, आणि शेतांत कापूस असतो. पावसाळ्यांत सामान अंगणांत काढतां येत नाहीं. फाल्गुन बरा, कूलर काढावयाचाच असतो, आणि ऊन अजून सोसतें. सकाळीं आरंभ करून खोली पूर्ण रिकामी करावी. अर्धी खोली आवरणें म्हणजे एका कोपऱ्यांतील ढीग दुसऱ्या कोपऱ्यांत नेणें होय. अंगणांत वस्तु पसरल्या म्हणजे एकाच जातीच्या तीन करवती व सात पाने निघतात, आणि आपण दरवर्षीं नवा पाना कां विकत आणीत होतों तें कळतें. जपानांतील कारखान्यांत एक रीति आहे: जिचा उपयोग ठरत नाहीं त्या वस्तूस तांबडी चिठ्ठी बांधून तारीख लिहितात व ती निराळ्या जागीं ठेवतात, ठरलेल्या मुदतींत कोणीं मागितली नाहीं तर ती जाते. निवड व मांडणी यांस ते सेइरी व सेइतोन म्हणतात. ही चिठ्ठीची युक्ति घरींहि चांगली चालते, कारण तिनें भांडण त्याच दिवशीं न होतां वर्षभर पुढें जातें.

परत लावतांना जड वस्तु खालीं, परंतु जमिनीस टेकवून नव्हे. विटांवर फळी टाकून वीतभर उंच, आणि भिंतीपासून चार बोटें दूर, म्हणजे उधईचा माग दिसतो. अवजारें खुंटीवर टांगून त्यांच्या मागें भिंतीवर गेरूनें आकार काढावा. विळा जागेवर नसला तर गेरूचा विळा तसें सांगतो. डब्यांवर नांव व साल घालावें. दारें व अंतरें मात्र आधीं मोजावीं. हेन्री फोर्डनें १८९६ च्या जून महिन्यांत डेट्रॉइट येथें घरामागील छपरींत आपली पहिली गाडी जुळविली, आणि ती तयार झाल्यावर त्यास दिसलें कीं, दारांतून ती बाहेर निघत नाहीं. तेव्हां कुऱ्हाडीनें भिंतीच्या विटा पाडून त्यानें वाट केली. आपली मोटार आंत नेण्यापूर्वीं तिचीं दारें उघडून माणूस उतरूं शकेल एवढी जागा दोहों बाजूंस राहते कीं नाहीं हें दोरीनें मोजणें सोपें.

कबाड्यास शेवटीं, संध्याकाळीं बोलवावें. सकाळींच आला तर तोच निवड करूं लागतो. कागदांची पेटी त्यापूर्वीं घरांत नेलेली असावी. आणि जें ठेविलें त्याची यादी, कोणती वस्तु कोणत्या फळीवर, केव्हांची व कशाची, अशी वहींत लिहून तिची एक प्रत दाराच्या आंतल्या बाजूस लावावी. यादी लिहिण्याचें काम घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलीस किंवा मुलास द्यावें. अक्षर मोठें असावें, म्हणजे आजीस चष्म्यावांचून वाचतां येईल.